घबराटीसाठी ‘स्वीकारा’चा गट सुचवलाय डॉक्टरांनी. बडोद्यात कोणी गेलंय का?

अस्तरवाली (समा, बडोदे)

नमस्कार. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. वय ४३. नवरात्रीच्या आधीचे दोन महिने माझा खरा हंगाम. चनियाचोळ्यांचा असा ढीग पडतो की जेवण म्हणजे उभ्या उभ्या पोळीची सुरळी.

गेल्या वर्षी त्याच हंगामात मांडवीजवळ अस्तर आणायला गेले होते. नेहमीचं दुकान, वीस वर्षांची ओळख. मोरपंखी कापड घेऊन दाराशी उजेडात बघत होते (ट्यूबलाइटखाली मोरपंखी कधी घेऊ नये, फसायला होतं) आणि एकदम छाती अशी धडधडायला लागली की वाटलं, झालं, संपलं. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, दुकान लांब लांब जातंय असं वाटायला लागलं. दुकानदाराने स्टुलावर बसवलं, मुलाला फोन केला. दवाखान्यात ईसीजी चांगला. पुढे थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं तपासलं, सगळं चांगलं. पॅनिक अटॅक म्हणाले.

मला लाज याची वाटते की २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी गावात शिरली तेव्हा आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी होतं. मी आणि मुलाने मशीन पलंगावर चढवलं, त्यावर गिऱ्हाइकांची गाठोडी. दोन रात्री दिवे नाहीत. मागच्या गल्लीत मगर आली म्हणून ओरडाओरडा. तेव्हा मला काही झालं नाही हो! आणि अस्तराच्या दुकानात, भर दुपारी?

तेव्हापासून मांडवी बंद. मग मंगळबाजार बंद. मग खंडेराव मार्केटची भाजी बंद. आता गल्लीच्या टोकाच्या मेडिकलपर्यंत जाते, तेही पर्समध्ये पाण्याची बाटली, पेपरमिंट आणि डॉक्टरांनी ‘अगदीच लागली तर’ म्हणून दिलेली एक गोळी घेऊन. ती कधीच घेतली नाही, पण पर्समध्ये नसेल तर पाय उंबऱ्यावर अडतो. अस्तर हे आणतात. ह्यांना राणी आणि गाजरी यातला फरक दिसत नाही. तीन गिऱ्हाइकं गेली.

रोजची गोळी सुरू आहे, झोप लागते. आता डॉक्टर म्हणतात, एका गटात बसा. आठ शनिवार, दोन-दोन तास, आठ-नऊ जण. गट घेणाऱ्या मॅडम फोनवर म्हणाल्या, ‘आम्ही भीती घालवायला शिकवत नाही, भीतीला जागा द्यायला शिकवतो.’ मनात म्हटलं, जागा? वन बीएचकेत?

विचारायचं ते असं. स्वीकार म्हणजे नेमकं काय करायचं? आमच्या सासूबाई जन्मभर सगळं स्वीकारतच आल्या, त्याने कोणाचं भलं झालं? शिवाय बडोद्यातली मराठी माणसं म्हणजे तिसऱ्या नात्यात सगळे सापडतात. तिथे कोणी ओळखीचं निघालं तर? गट गुजरातीत आहे. गुजराती मला येतं, दिवसभर तेच बोलते, पण रडायला मराठीच लागतं. आणि दुसऱ्यांच्या भीत्या ऐकून माझीच वाढली तर काय करू?

निवृत्त_रावपुरा

ताई, मी गेलो होतो. हाच गट की दुसरा ठाऊक नाही, पण पद्धत तीच वाटते. मी ६१ वर्षांचा, आयुष्य बँकेत गेलं. माझी भीती लिफ्टची आणि रेल्वेची. चालत्या गाडीत मला काही झालं तर कोण उतरवणार, हा एकच विचार. त्यापायी लेकीच्या डोहाळजेवणाला पुण्याला गेलो नाही. पाठ धरली आहे असं सांगितलं. सौ. एकटी गेली.

पहिल्या दिवशी खुर्च्या गोल मांडलेल्या. मला वाटलं श्वास घ्या, डोळे मिटा, शांत व्हा असलं काही असेल. तसलं काही नाही. एक मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची, फळ्यापाशी उभी. म्हणाली, भीती घालवायला आजवर काय काय केलंत ते सांगा, मी लिहिते. मग काय विचारता! बीपीचं यंत्र, रामरक्षा, लिंबूसरबत, गुगल, मोबाइलवर लेकाचा आवाज, दाराजवळची खुर्ची, गंडा, व्हिस्की (हे एक जण फार हळू म्हणाला). फळा भरला. मग तिने शेजारी दोन रकाने आखले. यानं पाच मिनिटांत बरं वाटलं का? जवळपास सगळ्यांपुढे हो. आणि वर्षभरात तुमचं जग मोठं झालं की लहान? तिथे सगळ्यांपुढे लहान. मी बँकेतला माणूस, मला जमाखर्च लगेच कळतो. तुमच्या पर्समधली गोळी त्याच फळ्यावरची आहे ताई. न घेतलेली गोळीसुद्धा व्याज खाते.

मग तिने सांगितलं, आता एक मिनिट माकडाचा विचार करायचा नाही. ती वैद्याची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत असते, औषध घेताना माकड आठवायचं नाही. नऊ जण बसलेले आणि खोलीत नुसती माकडं! डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये हाच खेळ विद्यार्थ्यांवर करून पाहिला, फक्त त्याचं माकड म्हणजे पांढरं अस्वल होतं. आठवू नका सांगितलं तरी पोरं घंटी वाजवत राहिली, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर अस्वल आणखीनच यायला लागलं. धडधडीचं तेच. ‘येऊ नको’ म्हणत तिच्यावर पहारा ठेवला की दिवसभर तिचीच चाहूल.

स्वीकाराचं मला पटलं ते उत्तरायणामुळे. तिने विचारलं, संक्रांतीला तुमच्या गच्चीवर नको असलेला माणूस येतो की नाही? येतोच. माझा एक मावसमेव्हणा आहे. बोलावत कोणी नाही, पण १४ तारखेला सकाळी नऊला हजर. चिकी खातो, पिपाणी फुंकतो, दुसऱ्याची फिरकी धरून सल्ले देतो. आता दोन मार्ग. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून दिवसभर त्याला अडवायचं. तो अडतो, पण आपला पतंगही खालीच राहतो. नाही तर येऊ द्यायचा. आवडून घ्यायचा नाही, ‘या या’ करायचं नाही, त्याच्यासाठी वेगळं उंधियू काढायचं नाही. तो कोपऱ्यात, आपला मांजा आपल्या हातात. तिसऱ्या शनिवारपर्यंत आमच्या गटात ‘मेव्हणा आला’ हा शब्दच रूढ झाला. सौराष्ट्रातले एक काका होते, तेही म्हणायचे, ‘आजे मेव्हणा बहु आव्या.’

एक प्रकार अगदी पोरकट वाटला होता. ‘दूध’ हा शब्द अर्धा मिनिट भराभर म्हणायचा. आधी डोळ्यांपुढे पेला येतो, साय येते. मग दूधदूधदूध म्हणता म्हणता नुसता आवाज उरतो. त्यानंतर आपला आपला शब्द. एकाचा ‘हार्टअटॅक’, एकीचा ‘वेडी होणार’. बहुतेकांचा गुजराती ‘गभरामण’, म्हणजे घबराट. नऊ माणसं मोठ्याने गभरामण गभरामण करतायत म्हणून वॉचमन दार उघडून बघून गेला. शब्द खोटा ठरत नाही, पण त्याची धार उतरते. पुढे ‘मी पडणार’ न म्हणता ‘मी पडणार असा विचार मला आलाय’ म्हणायची सवय लावतात. लिहिताना किरकोळ वाटतं, लिफ्टमध्ये नाही वाटत.

हो, लिफ्ट. पाचव्या शनिवारी त्याच इमारतीच्या लिफ्टने चार-चार जण वर-खाली. शांत होऊन दाखवायचं नव्हतं. उलट ‘किती कमी झालं?’ हा प्रश्न तिथे वर्ज्य. विचारायचे ते एवढंच की धडधड आहे तर आहे, ती असताना तुम्ही काय करू शकता? मी कोणत्या मजल्यावर कोणाचा दवाखाना आहे ती पाटी वाचून दाखवली. आवाज फाटला होता, पण वाचली.

ओळखीच्या माणसाचं विचारलंत. दुसऱ्या शनिवारी माझ्या समोरच्या खुर्चीत कोण, तर माझ्याच शाखेत पूर्वी असलेला सहकारी. ज्याला आम्ही सगळे वाघ म्हणायचो. दोघंही पंख्याकडे बघत बसलो. मध्यंतरात चहा घेताना तो म्हणाला, ‘तूही?’ मी म्हटलं, ‘मीही.’ एवढंच बोलणं. तीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसून आम्हाला एकमेकांचा पत्ता नव्हता.

इतरांच्या भीत्या लागतील का? मला नाही लागल्या. आमच्यात कॉलेजातली एक मुलगी होती, इतकी नीटनेटकी आणि शांत की मला वाटलं ही मॅडमची मदतनीस असेल. ती बोलली तेव्हा कळलं की त्या शांतपणाच्या आत तिच्या हाताला घाम सुटलेला होता. माझ्या छातीतले ढोल बाहेर ऐकू जात नाहीत, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी तिच्याकडे बघून कळलं. हे एकट्याने डॉक्टरांसमोर बसून कधीच कळलं नसतं.

नातवाच्या बारशाला गाडीनेच गेलो. वापीच्या अलीकडे मेव्हणा आला. मी वेफर्सचं पाकीट उघडलं.

फत्तेगंज_७

दुसरी बाजूही असू द्या. मला गट मानवला नाही. आमच्यात दोघेच बोलायचे, एकाचा घटस्फोट आणि दुसऱ्याचा भागीदार, आणि गट घेणाऱ्याला त्यांना थांबवता येत नव्हतं. चौथ्या वेळेनंतर गेलो नाही. वर घरात ‘स्वीकार’ हा शब्द गेला तो माझ्यावरच उलटला. काही बोललो की वडील म्हणणार, ‘स्वीकार कर, त्याचेच पैसे भरतोस ना?’

मला औषध आणि एकट्याने समुपदेशन यांनी फरक पडला. ताईंना एवढंच सांगेन की गट सुरू झाला म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. मी केल्या होत्या. पंधरा दिवस काय गेले ते माझं मला माहीत.

मानसशास्त्र_शिकवते

काकांनी पद्धत इतकी छान सांगितली आहे की मी वर्गात मेव्हणा उसना घेणार आहे. थोडी भर.

या पद्धतीला अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी म्हणतात, थोडक्यात अ‍ॅक्ट. स्टीव्हन हेज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर ती उभी केली, आणि त्यांना स्वतःला पॅनिकचा त्रास होता. पहिला झटका आला तो विभागाच्या बैठकीत, प्राध्यापक आपसांत भांडत असताना. तेव्हा अस्तरवाली ताई, लाजू नका. पुरात माणूस कामात असतो, शरीराने पळायची तयारी केली तर ती वापरली जाते. दुकानात तीच तयारी झाली आणि पळायला काही नव्हतं. श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. बोटांच्या मुंग्या आणि बधिर ओठ यांचं कारण बहुधा तेच. तपासण्या आधी करून घेतल्यात हे फार बरं केलंत.

सासूबाईंचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. इथे स्वीकार करायचा तो आतल्या गोष्टींचा: धडधड, विचार, पोटातला गोळा. बाहेरचा अन्याय, कोणाचं टाकून बोलणं, न मिळालेली शिलाई, यांचा स्वीकार कोणी शिकवत नाही. ते बदलायला उभं राहता यावं म्हणूनच आतल्या धडधडीशी भांडण थांबवायचं. फत्तेगंज यांच्या वडिलांनी शब्द बरोबर उलटा धरलाय.

पुराव्याचं म्हणाल तर जादू नाही. कॅनडात सामाजिक भीती असलेल्या १३७ जणांवर एक अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये छापून आला. काहींना सजगता आणि स्वीकारावर आधारलेला गट, काहींना जुन्या वळणाचा विचार-वर्तन उपचाराचा गट, काहींना नुसतं प्रतीक्षायादीवर ठेवलं, म्हणजे तूर्त उपचार नाही. दोन्ही गट प्रतीक्षायादीपेक्षा सरस ठरले, आणि दोघांत एकमेकांपेक्षा फारसा फरक निघाला नाही. म्हणजे हाच मार्ग असं नाही, पण हा मार्ग आहे.

जाण्याआधी मॅडमना विचारा: आधी एकटीशी भेट होईल का? बोलायचं नसेल त्या दिवशी गप्प बसलं तर चालेल का? एकच माणूस वेळ खात असेल तर तुम्ही काय करता? उत्तर देताना त्या अडखळल्या तर थोडं थांबा. गुप्ततेचं म्हणाल तर उपचार करणाऱ्यांवर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधन आहे, बाकी आठ जणांचा मात्र शब्दच असतो. तो बहुतेक पाळला जातो, कारण प्रत्येकाचं गुपित तिथे गहाण असतं. कोणाला जीव नकोसा वाटत असेल तर मात्र गटाची वाट बघू नये, आधी डॉक्टर. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही लागतो, फुकट आहे.

अस्तरवाली

सगळ्यांचे आभार. काका, एक विचारू? तुम्ही रडलात का तिथे? आणि कोणत्या भाषेत?

निवृत्त_रावपुरा

रडलो. डोहाळजेवणाचं सांगताना. गुजरातीत सुरुवात केली, ‘मारी दीकरी’ म्हणालो आणि पुढचं सगळं मराठीत आलं. कोणीही थांबवलं नाही. सौराष्ट्रातल्या काकांना एक अक्षर कळलं नसणार, तेच सगळ्यांत जास्त रडले.

अस्तरवाली (नऊ आठवड्यांनी)

गटाचे सहा शनिवार झाले, मधला एक ताप आला म्हणून बुडाला. ओळखीची एक निघालीच. माझी जुनी गिऱ्हाईक, जिचा ब्लाउज मी एकदा छातीत घट्ट करून ठेवला होता. पहिल्या दिवशी मला भीतीपेक्षा त्या ब्लाउजाचीच लाज जास्त वाटली.

आम्हाला मॅडमनी विचारलं, भीती नसती तर शनिवारी दुपारी कुठे असता? बाकीचे म्हणाले गोवा, मुलाची शाळा, देऊळ. मी म्हटलं, मांडवीला, दुकानाच्या दाराशी, कापड उजेडात धरून. मला वाटलं हसतील. मॅडमनी ते फळ्यावर लिहून खाली रेघ ओढली.

बाटली चौथ्या आठवड्यात घरी ठेवली. गोळी अजून पर्समध्ये आहे, ते आहेच, उगीच मोठेपणा नको. मंगळबाजार दोनदा झाला, एकदा अर्ध्यातून परत आले. परत आले त्या दिवशी रात्रभर स्वतःला बोलत होते. मॅडम म्हणाल्या, अर्ध्यापर्यंत गेलात ते कोणाच्या पायांनी?

काल मांडवी. रिक्षा लहरीपुऱ्याच्या दरवाजाशी सोडली आणि चालत गेले. दुकानात पाय ठेवला आणि सुरू. तीच धडधड, तीच बोटं. मला वाटत होतं की आता एवढं शिकल्यावर येणार नाही, तर जरा रागच आला. मग म्हटलं, आलास का मेव्हण्या, बस त्या गठ्ठ्यावर. दुकानदाराने ओळखलं. स्टूल पुढे केलं. ‘बेन, पाणी आपुं?’ मी म्हटलं, पाणी नंतर, आधी मोरपंखी काढा.

दाराशी उजेडात धरलं तर हात थरथरतोय आणि कापड लकाकतंय, रंगच ठरेना. मग दोन्ही कोपरं काउंटरवर टेकवली आणि बघितलं. एक हिरव्याकडे झुकत होतं, एक निळ्याकडे. निळ्याकडचं घेतलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण बाहेर आले तेव्हा धडधड थोडी होतीच आणि मी चक्क बटणांच्या दुकानात वळले होते.

घरी येऊन मापलं तर एक मीटर कमी. नऊ ब्लाउजांचं अस्तर आठांच्या हिशेबाने फाडून घेतलं होतं. हे म्हणाले, मी आणतो उद्या. म्हटलं नको, तुम्ही हिरव्याकडचं आणाल. सकाळी काज-बटणं उरकून मीच जाते.